प्लास्टरमधलं पेन

माझ्या डाव्या पायाच्या प्लास्टरमध्ये माझ्या बायकोच्या टॅबचं पेन अडकलं, ही गोष्ट मी स्वतःच्या तोंडाने फक्त नऊ जणांना सांगितली आहे. त्यातले सात जण कस्टमर केअरचे. उरलेल्या दोघांत एक हाडांचे डॉक्टर आणि दुसरा माझा साहेब, कारण रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. समोरच्या घरातल्या निवृत्त पोस्टमास्तरांना सांगावं लागलं नाही, ते तिथे हजरच होते. आणि ते हजर असल्यामुळे बाकीच्या बिल्डिंगलाही मला काही सांगावं लागलं नाही.

पाय कसा मोडला हे कृपा करून विचारू नका. विचारणारच असाल तर सांगतो. मी वजनकाट्यावरून पडलो. चढताना नव्हे, उतरताना. काट्यावरचा आकडा बघून मला असा काही धक्का बसला की मी एक पाऊल मागे घेतलं, आणि जमीन मला वाटली होती त्याच्या चार बोटं खाली निघाली. डॉक्टरांनी कागदावर 'उंचावरून पडणे' असं लिहिलं. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

सहा आठवड्यांचं प्लास्टर पडलं. पहिला आठवडा मजेत गेला. लोक येत होते, पायाकडे बघून चक् चक् करत होते, मी 'चालायचंच' म्हणत होतो. दुसऱ्या आठवड्यात लोक यायचे थांबले आणि खाज यायला लागली. आता प्लास्टरच्या आतली खाज ही काय चीज आहे हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. घोट्याच्या वर, पोटरीच्या मागे, जिथे बोट पोचत नाही, कंगवा पोचत नाही आणि फूटपट्टी पोचते पण वळत नाही, नेमकी तिथे. पोस्टमास्तरांनी सल्ला दिला, "दुसऱ्या पायाला त्याच जागी खाजवा. शरीराला काय कळतंय हो, कुठला पाय ते!" मी करून पाहिलं. माझ्या शरीराला कळलं.

त्या दुपारी ही आत झोपली होती. मी टेबलाशी बसलो होतो. टेबलावर हिचा टॅब आणि टॅबशेजारी ते पेन. पांढरं, गुळगुळीत, वीतभर लांब, टोकाला निमुळतं. देवाने माणसाला खाज दिली तेव्हा मनात हेच पेन धरून दिली असावी, असं मला त्या क्षणी वाटलं.

हे पेन शाईचं नव्हे. टॅबच्या काचेवर याने चित्र काढायचं. आत बॅटरी, वर पंधरा आकडी नंबर. हिच्या भावाने टॅब दिला त्याच्याबरोबर आलेलं. सुटं कुठे मिळत नाही, आणि दुसऱ्या कंपनीच्या पेनाला तो टॅब ओळखसुद्धा दाखवत नाही. या पेनाने ही तीन आठवडे एका पुस्तकाची चित्रं काढत होती. पाण्याला घाबरणाऱ्या बदकाची गोष्ट, अठरा चित्रं, महिनाअखेरची मुदत. हिच्याकडे आपणहून चालत आलेलं हे आयुष्यातलं पहिलं काम. त्याआधी सव्वीस वर्षं ही जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर चित्रं काढत होती आणि मी ती कॅलेंडरं रद्दीत देत होतो, पण तो विषय वेगळा. अठरातली नऊ झाली होती.

मी पेन आत सरकवलं. अहाहा! पोचलं. नेमकं पोचलं. मी डोळे मिटले. माणसाने तिथेच थांबावं. पण सुखाला माणूस कुठे थांबतो? मी जरा तिरकं करून दाबलं, आणि 'कट्' असा आवाज झाला.

शेपटाकडचा तुकडा माझ्या हातात होता. टोकाकडचा, बॅटरीसकट आणि नंबरासकट, आत. खाज होती तिथेच.

"काय वाजलं?" ही दारात उभी.

"पेन पडलं," मी म्हणालो.

"कुठून?"

"टेबलावरून."

"आणि दुसरा तुकडा?"

"असेल इथेच कुठेतरी," मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं होतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली, माझ्या हातातला तुकडा घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "नऊ राहिलीत हो अजून." मला आत कुठेतरी कळ आली. प्लास्टरमध्ये नव्हे, त्याच्या बरीच वर.

"तू काळजीच करू नकोस. वॉरंटी आहे. मी बघतो कस्टमर केअरचं."

"तुम्ही?"

"अगं, बावीस वर्षं नोकरी झाली माझी!"

माझी नोकरी नोंदणी कचेरीत. खिडकीच्या आतल्या बाजूला. लोक अर्ज घेऊन येतात, मी ते परत करतो. एखादा रकाना मोकळा राहिलेला असतो, एखाद्यात नको ते लिहिलेलं असतं. लोक रडकुंडीला येऊन त्यांची कहाणी सांगायला लागतात. मी शांतपणे सांगतो, 'हे बघा, खरं काय ते घरी. इथे रकान्याला जे हवं ते लिहा, काम होऊन जाईल.' हजारो माणसांची कामं मी या एका वाक्यावर करून दिली आहेत. तेव्हा एका कस्टमर केअरला मी घाबरणार होतो थोडाच!

फोन लावला. भाषेसाठी एक दाबा, टॅबसाठी तीन दाबा, टॅबबरोबरच्या वस्तूंसाठी सात दाबा. मी दाबत गेलो. मग बासरी वाजायला लागली. बासरी थांबली की एक बाई म्हणायची, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' आणि पुन्हा बासरी. चाळीस मिनिटं मी ते ऐकलं. बाहेरच्या बाजूला उभं राहणं म्हणजे काय, याची मला त्या दिवशी प्रथमच जरा कल्पना आली. मला ती आवडली नाही.

शेवटी एक मुलगी बोलली. आवाज इतका गोड की मी तिला लगेच ताई म्हणून टाकलं.

"सर, पेनावरचा पंधरा आकडी नंबर सांगा."

"तो टोकाकडच्या तुकड्यावर आहे, ताई."

"मग तो तुकडा समोर घ्या."

"तो जरा... आत आहे."

"काही हरकत नाही सर, मी थांबते. घेऊन या."

काय सांगणार! मी म्हणालो, सापडत नाही. त्यावर ती मुलगी अत्यंत आनंदाने म्हणाली, "अहो सर, मग सोपं आहे! टॅबमध्ये 'पेन शोधा' अशी सोय आहे. मी मॅडमच्या मेलवर पाठवते सगळं." मी नको नको म्हणेपर्यंत तिने पाठवलंसुद्धा. टॅब हिच्या नावावर होता.

इथून पुढचा अर्धा तास आठवला की अजून घाम फुटतो.

पोस्टमास्तर पेपर परत द्यायला आले होते. ही टॅब हातात घेऊन घरभर फिरायला लागली. टॅबवर मोठ्या अक्षरांत येत होतं, 'पेन लांब आहे'. खिडकीपाशी गेली, लांब. कपाटापाशी गेली, लांब. माझ्या खुर्चीजवळ आली, 'पेन जवळ आहे'.

"उठा हो जरा. खुर्चीच्या सांदीत गेलंय वाटतं."

मी कुबड्या घेतल्या आणि उठलो. उठलो तो गॅलरीकडे निघालो. तिने खुर्चीची गादी उचलली, झटकली, आणि टॅबकडे बघून तिचे डोळे मोठे झाले.

"अहो मास्तर, हे लांब चाललंय!"

"काय लांब चाललंय?"

"पेन! चालतंय ते!"

"उंदीर!" पोस्टमास्तर गरजले. "उंदराने नेलंय. नोकरीत असताना एका उंदराने माझी अख्खी मनिऑर्डर ओढून नेली होती. काठी कुठाय?"

त्यांना काठी सापडली नाही, म्हणून त्यांनी माझी एक कुबडी घेतली. मी एका कुबडीवर गॅलरीतून परत फिरलो, स्वयंपाकघराला वळसा घातला आणि भिंतीला धरून संडासाच्या दिशेने निघालो. मागून ही ओरडतेय, "आता उजवीकडे! आता संडासाकडे चाललाय मेला!" आणि मास्तर कुबडी उगारून "दार लावा, दार लावा, आत जाऊ देऊ नका त्याला!" असं म्हणत धावताहेत. मी एवढा जोरात लंगडी घालत चाललो होतो, तरी त्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्या प्रामाणिकपणावर त्यांचा केवढा हा विश्वास!

"थांबा," ही म्हणाली. "इथे 'आवाज करा' असं बटण आहे."

"नको," मी म्हणालो.

तिने दाबलं.

माझ्या पायातून 'टुंग टुंग, टुंग टुंग' असा आवाज यायला लागला.

घरात असं सामसूम झालं की शेजारच्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. नळ आणि मी. मास्तरांनी कुबडी हळूच खाली केली. हिने टॅब माझ्या डोक्यापाशी नेला, छातीपाशी नेला, मग खाली नेला, आणि प्लास्टरपाशी आल्यावर तिथेच धरला. तिचं तोंड उघडं ते उघडंच.

"पाय खाजवलात? माझ्या पेनाने?"

"अगं, किंचित..."

"माझ्या पेनाने तुम्ही पाय खाजवलात?"

"तरी मी म्हणालो होतो, दुसऱ्या पायाला खाजवा," मास्तर म्हणाले, आणि बातमी शिळी व्हायच्या आत खाली उतरले.

संध्याकाळी ही चहाचा कप आपटून म्हणाली, "आता फोनवर त्यांना जे झालं ते सगळं खरं सांगा. माझी नऊ चित्रं राहिलीत." मास्तरांनी दारातूनच पुस्ती जोडली, "आणि लेखी द्या. तोंडी बोलण्याला काडीची किंमत नसते."

मी खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत खरंच सांगत होतो. ताईने 'एक मिनिट सर' म्हणून बासरी लावली. बासरीनंतर तिचे वरिष्ठ आले, त्यांच्यानंतर त्यांचे वरिष्ठ. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. वजनकाट्यापासून. सर्वांत वरचे साहेब फॉर्म भरत होते.

"उत्पादन सध्या कुठे आहे? घरी, कार्यालयात, वाहनात की ग्राहकाच्या शरीरात?"

"शरीरात नाही हो! प्लास्टरमध्ये."

"प्लास्टर कुठे आहे?"

"पायाला."

"मग पाय शरीरात येतो ना सर?"

मी खिडकीच्या आतला माणूस आहे. चांगला प्रश्न कुठला हे मला कळतं. 'येतो,' मी म्हणालो.

त्यांनी वॉरंटीत न बसणाऱ्या गोष्टींची यादी वाचून दाखवली. पाणी, आग, वीज, दंगल, पाळीव प्राणी. पायाचा उल्लेख नव्हता. म्हणजे क्लेम होऊ शकत होता. फक्त दोन्ही तुकड्यांचे चारही बाजूंनी फोटो हवेत, नंबर हवा, आणि तुकडे कंपनीकडे परत हवेत.

रिक्षात आडवा पाय घालून हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला आणि तो उजेडाकडे धरला. फार वेळ धरला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हाड छान जुळतंय," ते म्हणाले. "पण हे दुसरं कोणाचं?"

सगळं ऐकल्यावर ते खुर्चीत बसले. म्हणाले, आजवर लोकांच्या प्लास्टरमधून मी विणायची सुई काढली आहे, चमचा काढलाय, एकदा एका बाईंची गोळ्यांची पट्टीच्या पट्टी निघाली होती. पण बॅटरीवर चालणारं अजून काही निघालं नव्हतं. प्लास्टर पूर्ण उतरवायला त्यांनी साफ नकार दिला. त्याऐवजी पोटरीच्या मागे चौकोनी खिडकी कापली. कंपाउंडरने चिमट्याने तुकडा बाहेर काढला, उंच धरला आणि "झाली हो सुटका" असं बाहेर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू जाईल अशा बेताने जाहीर केलं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "आता उघडलंच आहे तर जरा तिथे..."

त्यांनी कापसाच्या काडीने खाजवून दिलं. माझ्या डोळ्यांतून खरोखर पाणी आलं. त्याची मला लाज वाटत नाही.

लाज वाटायला हवी होती ती पुढच्या फोनला. ही त्या दिवशी पुस्तक छापणाऱ्या बाईंना भेटायला गेली होती, मुदत वाढवून मागायला. मी ताईला फोन लावला. नंबर वाचून दाखवला, फोटो पाठवले, तुकडे कुरियरला दिल्याचं सांगितलं. तिलाही फार बरं वाटलेलं दिसलं.

"आता फक्त एक रकाना राहिला सर. मॅडम पेन कशासाठी वापरतात? व्यावसायिक वापर असेल तर वॉरंटी मिळत नाही."

बघा, मी तोंडावर बोट ठेवून दोन क्षण विचार केला असता तर! पण बावीस वर्षांची सवय. रकान्याला काय हवं आहे ते मला स्वच्छ दिसत होतं.

"छे हो, व्यवसाय कसला! छंद आहे. घरीच असते ना ती. वेळ जात नाही, म्हणून काढते आपली बदकंबिदकं."

"लिहिते सर. झालं काम!"

मी फोन ठेवला आणि पाय स्टुलावर टाकून शीळ घातली. आपण काय बोललो हे माझ्या लक्षातही राहिलं नाही.

तीन दिवसांनी डबा आला. डब्यात नवं कोरं पेन, आणि पेनाबरोबर छापील कागद, 'आपल्या तक्रारीचा गोषवारा'. माझ्या प्रत्येक फोनमधलं प्रत्येक वाक्य त्यांनी टिपून ठेवलं होतं. असली कार्यक्षमता त्यांनी बासरीच्या वेळी दाखवायला हवी होती. ही टेबलाशी उभी राहून मोठ्याने वाचायला लागली. वजनकाट्यापाशी हसली. 'पाय शरीरात येतो ना सर' इथे तर तिला पोट धरून बसावं लागलं. मीही हसत होतो. मग पान उलटलं, आणि ती वाचता वाचता थांबली.

"काय गं?"

तिने कागद माझ्यासमोर ठेवला आणि बोट ठेवून दाखवलं. 'वेळ जात नाही, म्हणून काढते आपली बदकंबिदकं.'

माझ्या पायाखालची जमीन पुन्हा एकदा चार बोटं खाली गेली.

"अगं, ते रकान्यासाठी! व्यवसाय म्हटलं असतं तर पेन मिळालं नसतं."

"ते कळलं मला. मी काय खुळी आहे? मला एवढंच सांगा, उत्तर द्यायला किती वेळ लागला तुम्हाला?"

मी आठवून पाहिलं. अजिबात लागला नव्हता.

"तुमच्या कचेरीत बाया येतात. त्यांच्या व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिता?"

"गृहिणी."

"विचारून?"

तिने डबा होता तसा बंद केला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि पेन्सिल घेऊन आत गेली. टॅबवरची नऊ आणि पेन्सिलची नऊ, अशी चित्रं त्या बाई घेणार नव्हत्या. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. वाढवून मिळालेल्या मुदतीचे आठ दिवस उरले होते, आणि ज्याने काम पुरं झालं असतं ते पेन टेबलावर पडून होतं. तिला त्याला हात लावायचा नव्हता. जेवणं झाली, भांडी झाली, झाकपाक झाली. डबा तिथेच.

मास्तर आले. त्यांना सगळं दारातूनच समजतं. म्हणाले, "पेन मिळालं ना? मग तोंड शिवून बसा. चूक आपल्या फायद्याची असली की ती चूक नसते."

मी आजवर हेच म्हणत आलो होतो. त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला स्वतःचाच राग आला, थोडा त्यांचाही आला. सकाळी उठल्या उठल्या फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला, आत ऐकू जाईल असा. बासरी. मी सगळी बासरी ऐकली.

"ताई, माझ्या अर्जात दुरुस्ती आहे. मी खोटं सांगितलं होतं."

"पुन्हा पायाबद्दल का सर?" तिच्या आवाजात धसका होता.

"नाही. वापराबद्दल. माझी बायको चित्रकार आहे. तो तिचा व्यवसाय आहे. पुस्तकाची चित्रं काढते ती."

"सर..." तिने आवाज खाली आणला. "असं बोललात तर क्लेम रद्द होईल. पेन परत घ्यावं लागेल आम्हाला. मी ऐकलंच नाही असं समजू का?"

आतली पेन्सिलची खरखर थांबली होती. खरं सांगतो, मोह झाला. एवढी माणुसकी मी माझ्या खिडकीतून कोणाला दाखवली नव्हती.

"नाही ताई. तुम्ही ऐकलंय. लिहून घ्या."

"मॅडमचा व्यवसाय, चित्रकार. बरोबर?"

"बरोबर."

"ठीक आहे सर. उद्या दहा ते सहाच्या दरम्यान आमचा माणूस पेन न्यायला येईल. तोवर जपून ठेवा. आणि प्लीज, पायापासून लांब ठेवा."

फोन ठेवून मी वळलो तर ही टेबलापाशी उभी. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. डब्याचं सील नखाने फोडलं, पेन काढलं, टॅब पुढ्यात ओढला.

"उद्या दहाला ना?" ती म्हणाली. "मग अजून चोवीस तास आहेत. स्वयंपाकाचं तुम्ही बघा."

एका पायावर मी स्वयंपाक केला. त्याचं वर्णन करत नाही, तिने ते मुकाट्याने खाल्लं. दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत तिची दोन चित्रं झाली. दहा वाजले, बारा वाजले, सहा वाजले. माणूस आला नाही. साडेसहाला निरोप आला, 'आमचा प्रतिनिधी येऊन गेला. आपण घरी नव्हतात.'

मी? मी घरी नव्हतो? पायाला खिडकी असलेला माणूस सकाळपासून दाराकडे तोंड करून बसलाय, आणि तो घरी नव्हता? मी संतापाने फोनकडे हात नेला. हिने तो हात वरच्या वर धरला.

"खबरदार फोन केलात तर."

पुढे रोज संध्याकाळी साडेसहाला आम्ही घरी नसायचो. एकदा आमचं दार सापडलं नाही. एकदा आम्ही म्हणे उद्या या असं सांगितलं. असलं धादांत खोटं मी सरकारी नोकरीतही पाहिलं नव्हतं, आणि रोज ते वाचून मला इतका आनंद व्हायचा की पोस्टमास्तर माझ्याकडे काळजीने बघायला लागले. सातव्या दिवशी दुपारी बदक पाण्यात उतरलं. अठरावं चित्र. तिने ते पाठवलं आणि तासाभरात बाईंचा फोन आला. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण ही खिडकीशी पाठमोरी उभी राहून नुसती 'हो, हो' म्हणत होती आणि पदराने डोळे टिपत होती. मी चहा ठेवला.

नवव्या दिवशी माणूस आला. खरोखरचा, बॅग घेतलेला. मी टेबलाशी बसलो होतो. त्याने कागद काढला, आपल्या पेनाची टोपी उघडली आणि माझ्याकडे पाहून अदबीने विचारलं, "चित्रकार आपणच का सर?"

मी तोंड उघडायच्या आत ही हात पुसत बाहेर आली.

"मी," ती म्हणाली.

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कागद माझ्यासमोरून उचलून तिच्यासमोर सरकवला. तिने पेन डब्यात घालून त्याच्या हातात दिलं आणि आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. सावकाश, एकही अक्षर न गाळता.

"आणखी एक रकाना आहे मॅडम," तो म्हणाला. "वस्तू देताना घरात दुसरं कोणी हजर असेल तर त्यांचा व्यवसाय."

"यांचा?" हिने माझ्याकडे वरपासून पायापर्यंत पाहिलं, प्लास्टरच्या खिडकीपाशी जरा थांबली, आणि विचार करायला अजिबात वेळ न लावता म्हणाली, "हे घरीच असतात."

मी हादरून तिच्याकडे बघत राहिलो. मग बावीस वर्षांची नोकरी, पद, पेन्शन, सगळं एकदम सांगण्यासाठी तोंड उघडलं. पण त्या माणसाने मान डोलावून तसं लिहिलं होतं, आणि रकाना भरला होता.